फक्त डार्क बिअर : आमची वाटचाल

आमचा व्यवसाय छोटा आहे आणि त्याचे काम नेमके आहे : निरनिराळ्या देशांतील डार्क बिअर चाखून पाहायच्या, त्यांतील मनापासून आवडलेल्या यादीत घ्यायच्या आणि समोरच्या ग्राहकाच्या जिभेला मानवेल अशी बाटली त्याला सुचवायची. फिकट सोनेरी लॅगर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली नेहमीची बिअर, आम्ही ठेवत नाही. ती चांगली नसते असे मुळीच नाही. पण ती निवडण्यासाठी कोणाला सल्ल्याची फारशी गरज पडत नाही, आणि सल्ला देणे हाच आमच्या व्यवसायाचा गाभा आहे.

सुरुवातीपासून आमच्या वाट्याला जो समज सर्वाधिक वेळा आला, तो म्हणजे काळी बिअर कडक असते आणि पोटाला जड पडते. त्यावर आम्ही दिलेले पहिले उत्तर आजही तेच आहे. गिनेस ड्रॉट ही काळीकुट्ट दिसणारी आयरिश स्टाउट (भाजलेल्या धान्याची गडद बिअर) ४.२ टक्के मद्यार्काची आहे, तर बाजारातील कितीतरी फिकट लॅगर ५ टक्क्यांच्या असतात. मद्यार्क ठरतो तो यीस्टला आंबवायला मिळालेल्या साखरेवरून, आणि रंग येतो तो प्रामुख्याने धान्याच्या भाजणीतून. स्टाउटमधील बहुतेक धान्य फिकट माल्टच (मोड आणून सुकवलेले धान्य) असते; काळ्या भाजलेल्या सातूचा साधारण दहावा हिस्सा सगळ्या पेल्याला रंग आणि कोऱ्या कॉफीची चव देऊन जातो. हे शक्य झाले ते १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी इंग्लंडमध्ये माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतल्यानंतर. त्याआधी पोर्टर, म्हणजे स्टाउटची पूर्वज असलेली गडद इंग्लिश बिअर, करणाऱ्यांना तपकिरी माल्ट मोठ्या प्रमाणात वापरावा लागे, आणि त्यातून साखर कमी निघे. ही माहिती ऐकल्यावर ग्राहकाच्या मनातील भीती कमी होते, असा आमचा अनुभव असल्यामुळे ती आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला आवर्जून सांगतो.

आजवर केवळ लॅगर प्यालेल्या माणसाला आम्ही प्रथम स्टाउट देत नाही, जर्मन श्वार्त्सबिअर (काळी लॅगर) देतो. थुरिंगिया प्रांतातील बाड कोस्ट्रिट्झ येथे १५४३ पासून चालत आलेल्या ब्रुअरीची कोस्ट्रिट्झर आमच्या यादीत अगदी आरंभापासून आहे. ४.८ टक्क्यांची ही बिअर लॅगरच्याच थंड पद्धतीने आंबवलेली असल्यामुळे तोंडात स्वच्छ आणि हलकी लागते, भाजणीचा स्वाद शेवटी हळूच येतो आणि कडवटपणा जिभेवर रेंगाळत नाही. डोळे मिटून प्यायल्यास ती काळी आहे हे कित्येकांना ओळखता येत नाही, आणि पहिल्या शिफारशीसाठी आम्हाला नेमका तोच गुण हवा असतो.

तेथून पुढची वाट ग्राहकाच्या उत्तरांवर ठरते. कॉफी कोरी आवडते की दूध घातलेली, चॉकलेट कडू आवडते की गोड, आंबटपणा चालतो का, एवढे आम्ही विचारतो. कोरी कॉफी पिणाऱ्याला कोरडी आयरिश स्टाउट मानवते. दुधाची कॉफी आवडणाऱ्याला आम्ही मिल्क स्टाउट सुचवतो. तिच्यात लॅक्टोज ही दुधातील साखर घातलेली असते, बिअरचे यीस्ट ती आंबवू शकत नाही, म्हणून गोडवा तसाच मागे राहतो. ज्यांना लॅक्टोज पचत नाही त्यांनी ही बाटली घेऊ नये, हे आम्ही न विचारता सांगतो. ज्यांना गोडवा नको पण मऊपणा हवा, त्यांच्यासाठी यॉर्कशायरच्या सॅम्युएल स्मिथ ब्रुअरीची ओटमील स्टाउट आहे. जवळपास लोप पावलेला हा प्रकार या ब्रुअरीने १९८० मध्ये पुन्हा सुरू केला. ओटमुळे तिला येणारा रेशमी घट्टपणा मला इतर कोणत्याही स्टाउटमध्ये इतका समतोल आढळलेला नाही, आणि यादीतील एकच बाटली निवडायला सांगितले तर मी हीच निवडेन.

बेल्जियमच्या मठांतील बिअर आम्ही बऱ्याच उशिरा घेतल्या, कारण त्यांचे शास्त्र वेगळे असल्याने ते आधी समजून घेणे भाग होते. तेथे गडद रंग आणि मनुका-अंजिराचा स्वाद मुख्यतः कँडी साखर आणि यीस्ट यांतून येतो. जळकट कडवटपणा जवळजवळ नसतो. ९ टक्क्यांची शिमे ब्लू आणि ११.३ टक्क्यांची रोशफोर १० या दोन्ही आम्ही जेवणानंतर, लहान पेल्यात, शक्यतो दोघांनी वाटून घेण्यासाठी सुचवतो. वेस्टव्लेतरेन १२ या तेथीलच एका मठाच्या बिअरबद्दल विचारणा वारंवार होते, परंतु तो मठ आपली बिअर थेट व्यक्तींना विकतो आणि ती पुढे विकू नये अशी अट घालतो. त्या अटीचा मान राखून आम्ही ती यादीत घेतलेली नाही आणि घेणारही नाही.

निवडीइतकीच काळजी आम्ही बिअर कशी द्यायची याची घेतो. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या इम्पीरियल स्टाउटला, म्हणजे जास्त कडक स्टाउटला, सुगंध जवळपास नसतो. तीच बाटली १२ ते १४ अंश सेल्सिअसपर्यंत येऊ दिली की चॉकलेट, काकवी आणि सुक्या फळांचा गंध उलगडतो. म्हणून प्रत्येक बाटलीसोबत तापमानाची चिठ्ठी देण्याची पद्धत आम्ही पाडली. साध्या स्टाउट आणि पोर्टरसाठी ८ ते १२ अंश, श्वार्त्सबिअरसाठी त्याहून थोडे कमी. एका बैठकीत अनेक बिअर चाखायच्या असल्यास हलक्या बिअरपासून कडक बिअरकडे जावे, कारण पोलंडच्या ९.५ टक्क्यांच्या झिव्येत्स पोर्टरनंतर कोस्ट्रिट्झर पाणचट वाटते आणि त्यात त्या बिचाऱ्या बिअरचा काहीच दोष नसतो. हलक्या बिअर ताज्याच संपवाव्यात. ८-९ टक्क्यांच्या वरच्या मात्र थंड, अंधाऱ्या जागी उभ्या ठेवल्या तर काही वर्षे चांगल्या मुरतात.

एका बिअरवर आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही. जर्मनीतील बाम्बेर्गची श्लेंकेर्ला बीच वृक्षाच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेल्या माल्टपासून होते आणि पहिल्या घोटात केवळ धूरच लागतो. माझ्या मते ती जगातील थोर गडद बिअरपैकी एक आहे, तर माझ्या भागीदाराच्या मते ती नवख्या ग्राहकाला डार्क बिअरपासून कायमचे दूर नेईल. तूर्त आम्ही ती यादीत ठेवली आहे. मात्र घोटभर चाखवल्याशिवाय तिची बाटली कोणालाही देत नाही.