भाग 27 अपडेट: घूंऽऽ एकदाची गेली!

तीन आठवडे माझ्या पॉडकास्टबद्दल काही टाकलं नाही, कारण घरच्या रेकॉर्डिंगमधली घूं जातच नव्हती, सांगण्यासारखं काही नव्हतंच. पण काल रात्री साडेअकराला हेडफोन घातला, गेन (माइकच्या आवाजाची वाढ) पूर्ण चढवला आणि कानात काहीच आलं नाही. लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं तेवढंच. इतका आनंद झाला की आईला उठवून ऐकवलं.

मागच्या वेळी म्हटलेलं माइकची एक्सएलआर केबल बदलून बघते, तर बदलली, ढिम्म फरक नाही. मग पंखा बंद, फ्रिज बंद, राउटर दुसऱ्या खोलीत. स्पेक्ट्रम (कुठल्या सुराचा आवाज किती, त्याचा आलेख) बघितला तर 50 हर्ट्झला सुळका आणि पुढे 100, 150, 200, 250 अशी माळच. बरेचजण म्हणाले नॉच मारून (तेवढेच सूर कापणारा फिल्टर लावून) मोकळी हो, पण बायकांच्या आवाजाचा मूळ सूर साधारण 165 ते 255 हर्ट्झमधे असतो, तिथलंच कापलं की पाहुणीचा आवाज पातळ होतो, आणि नॉइज रिडक्शन जास्त लावलं की पाण्यातून बोलल्यासारखं येतं. माझे 19 ते 24 भाग तसेच गेलेत, मला ते आता ऐकवत नाहीत.

धागा सापडला तो असा की माइकच्या जाळीला हात लावला की घूं कमी व्हायची आणि लॅपटॉपचा चार्जर काढला की गायब. पण बॅटरी टिकते पाऊण तास, त्यात दीड तासाच्या गप्पा कशा बसवायच्या? शेवटी वायरमन काकांना बोलावलं. आमचा वाईतला वाडा जुना, काकांनी बोर्ड उघडला आणि म्हणाले, "ताई, सॉकेट तीन पिनचा आहे, पण वरच्या भोकाला वायरच नाही." अर्थिंगच नव्हतं! चार्जरमधून जो किंचित करंट गळतो त्याला जायला वाट नाही, म्हणून तो लॅपटॉपच्या बॉडीवर आणि तिथून यूएसबीने इंटरफेसमधे (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा). बॉडीला बोट लावलं की झिणझिण्या यायच्या त्या ह्याच, दोन वर्षं मी त्याकडे लक्षच दिलं नाही. काकांनी अर्थिंग जोडून दिलं आणि घूं गेली. मधे एका दुकानदाराने साडेतीन हजाराचा फिल्टर बॉक्स गळ्यात मारला होता, त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. आधी अर्थिंग तपासा, मग खरेदी करा, कळकळीने सांगते.

आणि भाग 26 ने सात दिवसांत 1000 ऐकणारे पार केले!! पहिल्या भागाला 11 होते, बहुतेक घरचेच. हा भाग भोर तालुक्यातल्या मावशीआजीकडचा, जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, पारीच्या (ग्रामीण भारताच्या गोष्टी जपणारी वेबसाइट) साइटवर त्या ऐकून मला आजीची आठवण झालेली. नेमकी त्या दिवशी लाइट नव्हती, म्हणून झूम एचवनएन हा छोटा रेकॉर्डर सेलवर चालवला, गोधडीची घडी करून त्यावर ठेवला, जात्यापासून तीनेक फूट. एरवी लोक बाराव्या मिनिटाला गळतात, ह्यावेळी बहुतेकजण शेवटपर्यंत थांबले. मला वाटलेलं सगळी जादू ओव्यांची, पण काल हे आणि माझ्या खोलीतलं जुनं, दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी लावून ऐकली तेव्हा कळलं, आजी मूठभर नाचणी घालायला थांबते तेव्हाची शांतता खरी शांतता आहे, तिथे माणूस कान देऊन बसतो. माझ्या खोलीत तिथे घूं असायची.

म्हणजे आता खोली तयार झाली आणि मला मात्र बाहेरच रेकॉर्ड करावंसं वाटतंय. 27 साठी ठरवलेली मुलाखत पुढे ढकलते, पाहुण्या ताईंशी बोलले, त्यांची हरकत नाही. आणि हे लिहिता लिहिता सुचलं, मोबाइल जात्याच्या पाळीजवळ ठेवून दगडाची घरघर वेगळ्या ट्रॅकवर घेतली तर? सुरुवातीला एक टाळी वाजवायची, तिच्यावरून दोन्ही ट्रॅक नंतर जुळवता येतील. लेव्हल मग मला हवी तशी खालीवर करता येईल, फायनल मात्र -16 लफ्सलाच (एकूण आवाज किती मोठा, त्याचं माप).

आजीला फोन केला तर म्हणाली, "पाचला बसते गं दळायला, उशीर केलास तर थांबायची नाही." म्हणून शनिवारी रात्रीच मुक्कामाला जातेय. नवे सेल आणलेत, चार.