आमची वाटचाल : बटण नको, पाना घ्या

दुचाकीचं गॅरेज दोघांनी सुरू केलं, मी आणि मिस्त्रीने. पैसे माझे, हात त्याचे. सामान, हिशेब, गिऱ्हाईक मी बघायचो. पण टॅपेटचं काम, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट मापात लावणं, त्याने मला स्वतः शिकवलं, तेही स्टार्टरच्या बटणाला हात न लावू देता.

"बटण दाबलंस तर इंजिन कुठे थांबायचं ते बॅटरी ठरवणार. पान्याने फिरवलंस तर तू," असं तो म्हणायचा. आधी प्लग काढायचा, म्हणजे दाब अडत नाही आणि क्रँक, इंजिनाचा मुख्य दांडा, अलगद फिरतो. मग क्रँकच्या नटावर सॉकेट लावून इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने फिरवायचं, दुसऱ्या हाताचं बोट प्लगच्या भोकावर. बोटाला आतून हवा ढकलू लागली की कॉम्प्रेशन स्ट्रोक आला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटून पिस्टन हवा दाबत वर येतोय. आता केसिंगच्या खिडकीतून बघत मॅग्नेटवरची, म्हणजे क्रँकसोबत फिरणाऱ्या चाकावरची, 'टी'ची खूण केसिंगच्या खुणेला आणायची; तेव्हा पिस्टन अगदी वर असतो. ही खूण क्रँकच्या दोन फेऱ्यांत दोनदा जुळते, आणि कामाची त्यातली एकच. दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट मिटत असतो, इनटेक उघडत असतो. तिथे लावलेलं गेज, फट मोजायची पातळ पट्टी, फुकट.

खूण पुढे गेली तर मिस्त्री मागे ओढू देत नसे. उलटं फिरवलं की टायमिंग चेनचा, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या साखळीचा, ढिलेपणा ताणलेल्या बाजूला येतो, आणि ज्या इंजिनात डीकॉम्प्रेसर (सुरू करताना दाब सोडणारी कळ) आहे तिथे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलला जाऊन माप खोटं येऊ शकतं. मग परत 720 अंश, मुकाट्याने. टॉप गिअरमध्ये मागचं चाक फिरवूनही जमतं म्हणा, पण चाक झटका देतं आणि खूण नेमकी निसटते.

मग आमच्या समोरच एक गॅरेज उघडलं. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. गरम गाडी आत, अर्ध्या तासात बाहेर, आणि इंजिनाचा आवाज एकदम बंद! लोक खूश. फट थंड इंजिनावरच मोजायची म्हणून आमच्याकडची गाडी रात्रभर थंड व्हायची आणि परत जाताना थोडी टिकटिकायची. गिऱ्हाईक तिकडे वळलं. आमचं भाडं थकलं, हवेचा कॉम्प्रेसर विकला, हाताखालचा पोरगाही समोर कामाला लागला. मिस्त्रीचं म्हणणं एकच, टॅपेट आवळून गप्प करणं कुणालाही येतं.

तेच होतं ते. फट मारली की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच निघते. टेकलाच नाही तर कड जळते. टिकटिकणारा टॅपेट ऐकू तरी येतो, आवळलेला गुपचूप खातो. हे मी तेव्हाही सांगत होतो, ऐकत कोण होतं?

पहाटे वर्तमानपत्रं टाकणारे एक काका तेवढे हलले नाहीत. "तुम्ही पाना फिरवता ते मला दिसतं," एवढंच म्हणायचे. पुढे समोरच्या 'शांत' गाड्या एकेक करून आमच्याकडे आल्या : किक मऊ, ओढ नाही, गरम झाली की सुरू होईना. हेड उघडलं की व्हॉल्व्हच्या कडेचा तुकडाच गायब. ते व्हॉल्व्ह मी तारेत ओवून काउंटरवर लावलेत. त्यावर तो शेजारी काय सांगत सुटला? म्हणे गाड्या आधी आमच्याकडूनच बिघडून आल्या होत्या! आजही ते ऐकवणारी माणसं भेटतात.

नंतरची वर्षं बरी गेली. स्क्रूऐवजी शिमने, म्हणजे पातळ चकतीने, फट लावायची इंजिनं आली, चकतीची जाडी मोजायला मायक्रोमीटर आला. पान्याचं काम तसंच.

घरी करणाऱ्यांनी एवढं ऐका. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून नट आवळल्यावर गेज पुन्हा घाला. माप कंपनीच्या पुस्तकातलं घ्या, मित्राच्या गाडीचं नको. आणि आमच्याकडे यायचं असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा. सकाळी आणून तासाभरात हवी असेल, तर समोर जा.