एनएचएल ड्राफ्टसाठी गोली (गोलरक्षक) पारखताना : माझा अनुभव

२०२१ च्या एप्रिलात आमच्या टॉवेलच्या कारखान्यात एकच पाळी चालू होती. दुपारी घरी आलो की पुन्हा बाहेर पडायचं नाही, ऊनही तसंच आणि निर्बंधही तसेच. त्याच दिवसांत कॅनडातल्या कॅलगरीहून भाच्याचा फोन आला. एनएचएलचा ड्राफ्ट, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचे मोठे क्लब अठराच्या आसपासची पोरं निवडतात तो दिवस, जवळ आला की तो आणि त्याचे मित्र आपली स्वतःची यादी करतात. म्हणाला, "मामा, यंदा गोली तुम्ही बघा. आमच्यात गोलमध्ये उभं राहिलेलं कुणीच नाही."

मी अकरा वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय, पण मुरमाच्या मैदानावर आणि साध्या हॉकीत. बर्फावरची मॅच तोवर एकही पूर्ण पाहिली नव्हती. तरी लगेच हो म्हटलं. गोलीकडे लोक बघतात ते गोल झाल्यावरच, ही गोष्ट मला पोरवयापासून लागून राहिली आहे.

पहिल्या आठवड्यात माझी चूक झाली. भाच्याने आकडे पाठवले होते, ते बघून मी यादी लावून मोकळा झालो. एडमंटन ऑइल किंग्जचा सेबॅस्टियन कोसा, उंची सहा फूट सहा इंच, त्याने आलेल्या शॉटपैकी ९४.१ टक्के अडवलेले. स्वीडनमधल्या लुलेओचा येस्पर वॉलस्टेट, त्याचे ९०.८ टक्के. मी कोसाला वर टाकलं, वॉलस्टेटला बरंच खाली. भाचा फोनवर एवढंच म्हणाला, "मामा, समोर कोण खेळतंय ते बघितलं का?"

मग बसून एकेक गोष्ट विचारून घेतली. कोसाची लीग ज्युनियर, वीस वर्षांपर्यंतच्या पोरांची. त्यातही कोविडमुळे त्या मोसमात त्याचा संघ कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या चार संघांशीच आलटून पालटून खेळत होता, आणि तो संघ इतका तगडा की २३ पैकी २० सामने जिंकला. वॉलस्टेट मात्र स्वीडनच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, दाढीमिशा आलेल्या व्यावसायिक खेळाडूंसमोर उभा होता. दोघांच्या वयात फरक फक्त सात दिवसांचा. दोघंही नोव्हेंबर २००२ चे.

शिवाय मैदानही वेगळं. उत्तर अमेरिकेतला रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद, युरोपातला पारंपरिक रिंक ६० बाय ३०. कागदावर हे चार मीटर किरकोळ वाटतात, पण गोलीसाठी सगळा कोनच बदलतो. रुंद रिंकवर पक (चेंडूऐवजी असते ती रबराची चकती) बाजूला लांबवर फिरतो, त्यामुळे गोलीला वाट बघत थांबावं लागतं. अरुंद रिंकवर सगळं अंगावर येतं, शॉट जवळून आणि भराभर. म्हणजे एकाला धीर लागतो, दुसऱ्याला चपळाई. दोघांच्या टक्केवाऱ्या एका तागडीत घालणंच चूक होतं.

तपासणीच्या टेबलावर आम्ही हेच करतो. दोन टॉवेलचं वजन सारखं भरलं तरी बोटाने लूप ओढून बघितल्याशिवाय माल पास करत नाही.

तेव्हा वही नव्याने सुरू केली. आवाज बंद करून रेकॉर्डिंग लावायचं आणि समोरच्याची काठी पकला लागायच्या क्षणी पॉज. त्या क्षणी गोलीचे पाय थांबलेत की अजून सरकतायत, एवढंच आधी लिहायचं. शॉट अडला की नाही ते नंतर. मग रिबाउंड, म्हणजे अडवल्यावर उसळलेला पक, कुठे गेला ते : कोपऱ्यात, अंगात की परत समोर. एका पोरामागे सात-आठ संध्याकाळी गेल्या. मधे लाइट जायची, पंखा बंद पडायचा, पण लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत मी उठत नव्हतो.

एका क्लिपमध्ये पक डावीकडून उजवीकडे आडवा गेला. वॉलस्टेट एकाच ढकलीत तिकडे पोहोचला, आणि मी पॉज केलं तेव्हा त्याच्या स्केटची पाती बर्फात स्थिर होती, खांदे सरळ, ग्लोव्ह उघडा. शॉट छातीवर बसला आणि तिथेच मेला. बघणाऱ्याला वाटावं, सोपा होता. मी ती क्लिप नऊ वेळा बघितली. तो सोपा नव्हता, त्याने सोपा केला होता. कोसा पाय फाकवून लांबवरचा शॉट काढायचा तेव्हा ऊर भरून यायचा, पण माझ्या वहीत शॉटच्या क्षणी त्याचे पाय जास्त वेळा सरकते निघाले. गुडघ्यांवर बसूनही तो वरचा कोपरा झाकतो, ही उंचीची देणगी मात्र मी ठळक लिहून ठेवली.

सगळ्यात अवघड गेला कॅनडाचा बेंजामिन गोड्रो. त्याच्या लीगचा अख्खा मोसमच रद्द झालेला. टेक्सासमध्ये १८ वर्षांखालील जागतिक स्पर्धा झाली, कॅनडाने सुवर्ण घेतलं, आणि बघायला तेवढेच सामने. त्यावर एखाद्या पोराचं भवितव्य लिहायला हात धजेना. तिसरा लिहिला, तोही पेन्सिलने.

ड्राफ्टच्या दिवशी आपल्याकडे २४ जुलैची पहाट, साडेपाच. माझ्या यादीत वॉलस्टेट पहिला. डेट्रॉइटच्या क्लबने सौदा करून निवडीचा वरचा नंबर घेतला आणि १५ व्या क्रमांकावर कोसाला उचललं. वॉलस्टेट २० व्याला मिनेसोटाकडे गेला, गोड्रो दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. भाच्याला म्हटलं, त्यांचे लोक प्रत्यक्ष रिंकवर बसून बघतात, त्यांना काही दिसलं असेल. पण माझ्या वहीत जे आहे ते मी बदलणार नाही.

पुढे २०२४ च्या जानेवारीत वॉलस्टेटला एनएचएलमधला पहिला सामना मिळाला आणि डॅलसने सात गोल केले. कोसाला संधी मिळायला त्याच वर्षीचा डिसेंबर उजाडला, आणि तो सामना त्याच्या संघाने जिंकला. सात गोलांचं ते रेकॉर्डिंग भाच्याकडून मागवून घेतलं, जुन्या वहीचं कोरं पान काढलं आणि पहिल्या गोलपाशी पॉज करून पाय बघायला बसलो.