पिवळ्या खड्याची ओळख पटवताना

आमच्या तुमसर तालुक्यात खाणीचा दगड म्हटलं की काळाकुळकुळीत मॅंगनीज. त्यामुळे माझ्या टेबलावरचा पिवळा खडा बघून कॉलेजच्या लॅबमधले मामा म्हणाले, "हे काय जी सर, कुठून आणलं?" तो अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या गोल्डफील्डचा, विक्रेत्याकडून मागवलेला. चिठ्ठीवर 'बिस्माइट'.

बिस्माइट म्हणजे बिस्मथ या धातूचं ऑक्साइड. बिस्मथची खनिजं जमिनीच्या वरच्या थरात हवापाण्याने सडली की हे मातकट पिवळं पीठ तयार होतं. तिथेच कार्बन डायऑक्साइडचा हात लागला की होतं बिस्मुटाइट, म्हणजे कार्बोनेट. दिसायला जवळपास तसंच, त्यामुळे नुसत्या चिठ्ठीवर माझा भरवसा बसेना.

आधी घनता काढायला गेलो. बिस्माइटची 9 च्या आसपास असते, पण खड्यात निम्मी गारगोटी, तिची 2.65. त्या आकड्याला काय अर्थ? तो नाद सोडला.

बिस्मथ तरी आहे का, हे बघायला गावातल्या सोनाराकडून फुंकणी आणली. "सोनं निघते का जी यातून?" हा प्रश्न ठरलेलाच. चिमूटभर पिवळी पूड धुण्याच्या सोड्यात कालवून कोळशाच्या खळग्यात ठेवली आणि ज्योत फुंकली. हे उघड्यावरच करावं. अशा खनिजांसोबत आर्सेनिक असू शकतं, लसणाचा वास आला की थांबायचं. थोड्या वेळाने करडा मणी जमला. भोवती गरम असताना नारिंगी, थंड झाल्यावर लिंबाच्या रंगाची कड. अशी कड शिसंही देतं, म्हणून मणी ऐरणीवर ठेवून हातोडी मारली. शिसं चपटं झालं असतं, याचे तुकडे उडाले. बिस्मथच.

मग भिंगाखाली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. ऑक्साइड मुकाट विरघळतं, कार्बोनेट फसफसतं. खड्याच्या मधल्या भागात सगळं शांत, काठाच्या फिकट सालीवर मात्र बारीक बुडबुडे! दोन्ही खनिजं एकाच खड्यात बसलेली दिसत होती.

पक्का निकाल एक्स-रे विवर्तनानेच लागतो, म्हणजे पुडीवर क्ष-किरण टाकून आतल्या स्फटिकरचनेवरून खनिज ओळखायचं. नागपूरला ओळखीने तपासून घेतलं: मध्ये बिस्माइट, काठाला बिस्मुटाइट. कुणाला असा खडा तपासायचा असेल तर पूड दोन जागांची, दोन वेगळ्या पुड्यांत द्या. एकत्र खरवडून दिली तर नुसतं मिश्रण कळेल, कोण कुठे बसलंय ते कळणार नाही.