तुम्ही विचारलंत म्हणून: मिशनच्या जहाजावर माझं काय काम?

“मी ना डॉक्टर, ना खलाशी. चारचौघांत उभं राहून बोलायचीही सवय नाही. मग मिशनच्या जहाजावर माझं काय काम?” हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. मिशनचं जहाज म्हणजे ख्रिस्ती संस्थांचं, स्वयंसेवकांच्या बळावर चालणारं, पुस्तकं किंवा उपचार घेऊन बंदरांत जाणारं जहाज.

काम आहे. भांडी, गंज, चादरी आणि खोकी. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, दाखवल्या जाणाऱ्या फोटोंमध्ये पुस्तकांच्या रांगा असतात, नाहीतर डोळ्यावरची पट्टी नुकतीच सुटलेला म्हातारा असतो. तेही खरंच आहे. पण तो फोटो निघावा म्हणून खाली इंजिनरूममध्ये, गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) आणि लाँड्रीत चोवीस तास पाळ्या चालू असतात, आणि त्या पाळ्यांना माणसं कायम कमी पडतात.

आधी जहाज कोणतं ते ठरवा, कारण प्रत्येकावरचं आयुष्य वेगळं. ‘लोगोस होप’ हे पुस्तकांचं जहाज. १९७३ साली मोटारी वाहणारी फेरी म्हणून बांधलेलं. ऑपरेशन मोबिलायझेशन या ख्रिस्ती संस्थेने २००४ मध्ये ते घेतलं आणि लांबलेल्या फेरबदलांनंतर २००९ पासून ते सेवेत आहे. साडेतीनशेच्या आसपास माणसं, साठेक देशांची. असं जहाज काही आठवडे एका बंदरात थांबतं आणि पुढे निघतं. मर्सी शिप्सची ‘आफ्रिका मर्सी’ आणि ‘ग्लोबल मर्सी’ ही तरंगती हॉस्पिटलं. पहिलं मूळचं डॅनिश रेल्वे फेरी, दुसरं हॉस्पिटल म्हणूनच बांधलेलं. ती एकाच बंदरात महिनोन्‌महिने बांधलेली असतात, म्हणजे समुद्रप्रवासाच्या ओढीने जाणाऱ्याचा तिथे विरस होतो. तिसरा प्रकार लहान जहाजांचा: पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर वायवॅम (यूथ विथ अ मिशन) या ख्रिस्ती संस्थेचं जहाज दात, डोळे, लसीकरण अशी कामं घेऊन धक्काच नसलेल्या गावांपर्यंत जातं. तिथे औषधांच्या पेट्या छोट्या बोटीत उतरवून किनाऱ्याला न्यायच्या असतात. गुडघे आणि पाठ धड असतील तरच हा तिसरा प्रकार निवडा.

पगार नाही. कप्तानालाही नाही, सर्जनलाही नाही. उलट बहुतेक ठिकाणी राहण्या-जेवणाचा दरमहा खर्च तुम्हीच भरता किंवा तुमची मंडळी आणि ओळखीपाळखीची माणसं मिळून उचलतात. विमानभाडं, विमा, व्हिसा वेगळे. तोंडी आश्वासनं हिशोबात धरू नका, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा.

अर्जासोबत पाळकांचं पत्र, श्रद्धेविषयीचं तुमचं लिखित निवेदन आणि पोलिसांचा दाखला लागतो. ‘लोगोस होप’वर पूर्ण मुदतीसाठी जायचं तर बांधिलकी साधारण दोन वर्षांची असते, थोड्या आठवड्यांच्याही जागा असतात, पण त्यांत शिकून होईपर्यंत परत यायची वेळ होते. मग वैद्यकीय तपासणी. खलाशांचा फिटनेस दाखला जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो, अठरा वर्षांखालच्यांचा एकच वर्ष. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, पहाऱ्याला उभं राहायचं तर रंग नीट ओळखता यायला हवेत, कारण रात्री समोरच्या जहाजाची दिशा त्याच्या लाल-हिरव्या दिव्यांवरूनच कळते. दमा, फिट्स, इन्शुलिन, मानसिक आजाराची औषधं, काहीही लपवू नका. खोल समुद्रात हॉस्पिटल दोन दिवसांवर असू शकतं आणि तुमच्यासाठी जहाज वळवावं लागलं तर पुढच्या बंदराचं सगळं वेळापत्रक कोसळतं. दातांची कामं निघण्याआधी उरकून घ्या. दाढदुखीने मधेच घरी परतणं फार वाईट. पिवळ्या तापाची लस घेतली की दाखला दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पासपोर्टची मुदत सगळे बघतात, कोरी पानं कोणी मोजत नाही. बंदरागणिक शिक्के पडत जातात.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर, किंवा त्याच्याही आधी, मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण असतं: पाण्यात उडी मारणं, उलटा पडलेला तराफा सरळ करणं, आगीचा पाइप धरणं, धुरात श्वसनयंत्र लावून चालणं, प्रथमोपचार. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा इशारा झोपेतही ओळखता आला पाहिजे. प्रवासी जहाजांवर आगीची आणि जहाज सोडण्याची कवायत दर आठवड्याला होते. तिसऱ्या महिन्यात लोक कंटाळतात, चपला घालून येतात, लाइफजॅकेटचे पट्टे न आवळता उभे राहतात. १९८८ च्या जानेवारीत ‘लोगोस होप’च्याच संस्थेचं पहिलं जहाज ‘लोगोस’ चिलीच्या दक्षिण टोकाला बीगल चॅनेलमध्ये खडकावर चढलं. जहाज गेलं, माणसं सगळी सुखरूप उतरली. त्या कंटाळवाण्या कवायती अशा रात्रीसाठी असतात.

जलरोधक दारांबद्दल वेगळं सांगायला हवं. ही जाड पोलादी दारं आडवी सरकतात आणि मधे माणूस आहे म्हणून लिफ्टच्या दारासारखी थांबत नाहीत. दार पूर्ण उघडल्याशिवाय पाय टाकायचा नाही आणि दोन्ही हातांत सामान घेऊन त्यातून जायचं नाही. नवखा माणूस घाईत अर्ध्या उघडलेल्या दारातून अंग चोरून निघतो. जगभरच्या जहाजांवर अशा दारांत माणसं चिरडली आहेत.

आता डेकवरचं काम. समुद्रावर लोखंड सतत गंजत असतं, त्यामुळे हे काम कधी संपत नाही. गंज काढायचा म्हटलं की सगळे थेट हातोडी घेऊन बसतात आणि चूक तिथेच होते. आधी तो भाग गोड्या पाण्याने धुवायचा. पत्र्यावर मीठ राहिलं तर ते रंगाखालून ओल ओढून घेतं आणि थोड्याच दिवसांत नव्या रंगाला फोड येतात. मग डोळ्यांना गॉगल, कानांत बोळे, आणि चिपिंग हातोडीने पापुद्रे उडवायचे. वायर ब्रशने पोलाद चकाकेपर्यंत घासायचं. भोवतालच्या जुन्या रंगाची कड घासून उतरती करायची. उभी कड ठेवली तर नवा रंग तिथूनच सुटतो. उघडं पोलाद रात्रभर ठेवायचं नाही, दव पडलं की सकाळी त्यावर नारिंगी थर दिसतो आणि कालचं काम पाण्यात. हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश जास्त नसेल, तर रंगाचा डबा उघडायचाच नाही. जमलं तर त्याच दिवशी प्रायमरचा पहिला हात, डब्यावर दिलेला वेळ जाऊ देऊन दुसरा, मग वरचा रंग. हौशी माणूस दिसेल ते सगळं रंगवून मोकळा होतो: दाराची रबरी पट्टी, ग्रीस भरायची निपल, बोल्टचे आटे. रंग लागलेलं रबर कडक होतं आणि ते दार मग पाणी अडवत नाही. बोसन (डेकवरच्या कामाचा मुकादम) तुमच्यावर ओरडला तर बहुधा याच कारणासाठी ओरडला असेल.

गॅलीचा हिशोब सोपा आहे, आवाका मोठा. माणशी १०० ग्रॅम कच्चा तांदूळ धरला तर साडेतीनशे जणांना एका वेळेला ३५ किलो. गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५ च्या खाली. उरलेला भात मोठ्या पातेल्यात तसाच ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि बाधा होते ती तिथूनच. तो उथळ ट्रेमध्ये पसरून लवकर थंड करायचा. घरी भात बाधला तर चार जण आजारी पडतात. इथे इंजिनरूमची अख्खी पाळी आडवी होऊ शकते. समुद्र खवळला की पातेली अर्धीच भरायची, शेगडीच्या कडेचे दांडे लावायचे, ताटांखाली ओलं फडकं अंथरायचं आणि तळण सरळ रद्द करायचं.

खरकट्याचीही शिस्त असते. प्लास्टिक समुद्रात कुठेही टाकता येत नाही, एक पिशवीसुद्धा नाही. अन्नाचं खरकटं २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक दळलेलं असेल तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या पुढे, न दळलेलं बारा मैलांच्या पुढे. काही समुद्रांत नियम याहून कडक. म्हणून ताट रिकामं करताना खरकट्याच्या डब्यात दह्याच्या कपाचं झाकण पडलं तर कोणीतरी हातमोजे घालून ते शोधून काढतं. तो कोणीतरी पँट्रीतला तुमच्यासारखाच स्वयंसेवक असतो.

पाणी जपून. जहाजावर समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करतात, पण बंदराजवळचं पाणी घाण असतं म्हणून तिथे ती यंत्रं बंद ठेवतात. बंदरात जे आहे ते टाक्यांत, किंवा धक्क्यावरून विकत घेतलेलं. माणशी दिवसाला १५० लिटर धरले तर साडेतीनशे जणांचे साडेबावन्न हजार लिटर होतात; यावरून शॉवर दोन मिनिटांचा का ते कळेल. संडास अनेक जहाजांवर व्हॅक्यूमचे असतात. एकाने ओला टिश्यू किंवा पॅड टाकलं की झडप अडकते, व्हॅक्यूम टिकत नाही आणि त्या लाइनवरचे सगळे संडास एकदम बंद होतात. ते मोकळं करायला येतो तोही स्वयंसेवकच, आणि रात्रीच्या जेवणाला तुमच्याच टेबलावर बसतो.

बंदरात लागताना धक्क्याला बांधायचे दोर ताणले जातात तेव्हा बघ्यांनी दूर राहायचं. ताणलेला दोर तुटला तर बाजूला व्हायला वेळ मिळण्याआधीच फटका बसतो. जमिनीवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, एवढं पहिल्या दिवशी शिकलात तरी खूप. मग गँगवे, म्हणजे जहाजावर चढण्या-उतरण्याचा जिना. भरती-ओहोटीने जहाज वर-खाली होतं, तसा त्याचा उतार बदलत राहतो, म्हणून पहारेकऱ्याने तो दर थोड्या वेळाने बघायचा असतो. एका वेळी जहाजावर किती माणसं असू शकतात याला मर्यादा असते, त्यामुळे आत-बाहेर जाणारा प्रत्येक पाहुणा मोजला जातो. गर्दीच्या रविवारी हे मोजणं चुकलं तर पुस्तकांचं दालन बंद ठेवायची वेळ येते. पुस्तकांची खोकी दिसतात त्यापेक्षा जड असतात. वीस किलोच्या आत भरा, नाहीतर साखळी करून हातोहात देताना पाचव्या माणसाची पाठ जाते.

“मग शुभवर्तमान सांगायचं कधी?” हाही प्रश्न येतोच. सकाळची प्रार्थना असते, किनाऱ्यावरच्या मंडळ्यांना भेटी असतात, शाळा-तुरुंग-वस्त्यांत गट जातात. पण काय करायचं आणि काय नाही हे जहाज यायच्या कितीतरी आधी पोचलेलं आगाऊ पथक स्थानिक मंडळ्यांशी आणि अधिकाऱ्यांशी बोलून ठरवतं. काही देशांत उघड प्रचाराला कायद्याने मनाई असते. तिथे उत्साहाच्या भरात कोणी बाजारात पत्रकं वाटली तर तो स्वतः पुढच्या बंदराला निघून जातो, त्रास मागे राहिलेल्या मंडळीला होतो. किनाऱ्यावर जाऊ नका असं कप्तानाने सांगितलं तर वाद घालायचा नाही. १९९१ मध्ये फिलिपाईन्समधल्या झांबोआंगा शहरात ‘डूलोस’ या पुस्तकांच्या जहाजाच्या कार्यक्रमात हातबॉम्ब फेकला गेला आणि दोन तरुण स्वयंसेविका गेल्या.

बोट लागते का? लागते, बहुतेकांना. दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडते. गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. रिकाम्या पोटी राहू नका, कोरडी बिस्किटं चालतात. जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर हलतं कमी, आणि डेकवर असाल तर क्षितिजाकडे बघा. फोनकडे बघत बसलेला माणूस सगळ्यात आधी बादली मागतो.

केबिन लहान, दोघा-चौघांत एक, बंक एकावर एक, खिडकी बहुधा नाही. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने कोणी ना कोणी कायम झोपलेलं असतं, तेव्हा डोळ्यांवरची पट्टी, कानांचे बोळे आणि बॅटरी हवीच. बोटं झाकणारे, न घसरणारे बूट न्या. मेणबत्ती, उदबत्ती, स्वतःची इस्त्री आणि स्वस्त मल्टिप्लग घरीच ठेवा, आगीच्या भीतीने ते काढून घेतात. आणि सामान कापडी बॅगेत भरा. चाकांची कडक सूटकेस रिकामी झाल्यावर ठेवायची कुठे, याला त्या केबिनमध्ये उत्तर नसतं.