डग्गा कुठे गेला?

आमच्या गाडीत तबला होता, डग्गा नव्हता.

पुण्याचा चांदणी चौक मागे टाकून पिरंगुटच्या रस्त्याला लागेपर्यंत मी गप्प होते. दोन महिन्यांचे शनिवार-रविवार खर्ची घालून बसवलेली साउंड सिस्टीम पहिल्याच प्रवासात फसलीय, हे स्वतःच्या तोंडाने कोण सांगणार? पण भीमसेनजींचा अभंग लागला आणि लपवणं कठीण झालं. गळा खणखणीत, टाळ स्वच्छ, तबल्याची चाट कडक, आणि खाली, डग्ग्याच्या घुमाऱ्याचं, काहीच नाही. मुद्दाम तीनतालातली एक बंदिश लावून पाहिली. धा धिं धिं धा कुठेच ऐकू येईना, नुसतं ता तिं तिं ता. समेपासून समेपर्यंत सगळी खालीच, म्हणजे तालात डग्गा मुका राहतो तो भाग.

"छान वाजतंय की," नवरा म्हणाला. मला त्याचाच राग आला.

गाडी म्हणजे सेकंड हँड ईको. मागची सीट काढून तिथे प्लायचा पलंग केलाय, खाली दोन कप्पे, एक छोटी शेगडी, पाण्याचा कॅन. आरटीओच्या भीतीने सगळं नट-बोल्टवर, अर्ध्या तासात उतरवता येईल असं. आधीच्या मालकाने म्युझिक सिस्टीम कधी लावलीच नव्हती, आणि ईकोचं इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असतं, त्यामुळे आपण कुकरवर बसून गाडी चालवतोय असं वाटतं. अशा गाडीत मोबाइलवर गाणी ऐकून दोन वर्षं काढली. शेवटी आठ हजारांचं बजेट मंजूर करून घेतलं. घेतलं म्हणजे माझ्याच पगारातून, पण क्लच प्लेट आधी बदलायची होती, म्हणून वाटाघाटी.

तपकीर गल्लीत त्या दिवशी पाच दुकानं फिरले. दर ठिकाणी प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर नवऱ्याला मिळायचं. "साहेब, हा अ‍ॅम्प्लिफायर चारशे वॉटचा आहे." साहेब बिचारा मोबाइलमध्ये क्रिकेट बघत होता. मी तो अ‍ॅम्प उलटा करून मागचा फ्यूज पाहिला, दहा अँपिअरचा. बारा व्होल्ट गुणिले दहा, म्हणजे बॅटरीतून तो एकशेवीस वॉटच्या वर फार काही ओढूच शकत नाही, त्यातले थोडे उष्णतेत जाणार. चारशे येतात कुठून? दुकानदार नवऱ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, मॅडम हुशार आहेत." घेतला तोच, बावीसशेला. शंभरेक वॉट एवढ्याशा डब्याला रग्गड झाले. खोक्यावरचे आकडे वाचू नका, फ्यूज वाचा, एवढाच एक शहाणपणाचा सल्ला माझ्याकडे आहे. यापुढे सगळे कबुलीजबाब.

स्पीकर जुन्या बाजारातून आणले, रविवारी, नऊशेला जोडी. साडेसहा इंची, नावाजलेल्या कंपनीचे. एकाचा कोन, म्हणजे पुढचा थरथरणारा पडदा, जुना, उन्हाने पांढुरका पडलेला. दुसऱ्याचा काळाभोर, नवा बसवलेला. मला वाटलं, ही जमेचीच बाजू.

दाराचा पत्रा पातळ असतो, टिचकी मारली की डब्यासारखा टणटणतो. स्पीकर लावला की तोही सुरात सूर मिसळतो. त्यासाठी आतून ब्युटिलच्या जड शीट चिकटवायच्या असतात, पूर्ण दार नाही, मधल्या मोकळ्या पत्र्याचा थोडा भाग झाकला तरी टिचकीचा आवाज ठप्प होतो. त्या शीट महाग निघाल्या. म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून गच्चीच्या गळतीला लावतात तो डांबरी पट्टा आणला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. ऑक्टोबरचं ऊन लागल्यावर गाडीत नवीन रस्त्याचा वास सुटला. शिवाय पट्टा लावताना दाराच्या तळाची भोकंही मी व्यवस्थित बुजवली. काचेच्या फटीतून दारात शिरणारं पावसाचं पाणी त्याच भोकांतून निघून जातं, हे मला ताम्हिणीत समजलं. परतीचा पाऊस आडवा झोडपत होता आणि प्रत्येक वळणावर माझ्या डाव्या कोपरापाशी पाणी डचमळत होतं. एका धबधब्यापाशी गाडी थांबवून केसातल्या पिनेने भोक पाडलं. तांब्याभर तरी पाणी निघालं असेल. शेजारी मक्याचं कणीस खाणारं कुटुंब आमच्याकडे टक लावून बघत होतं.

एक गोष्ट मात्र नशिबाने बरोबर झाली होती. स्पीकरखालच्या रिंगा सुताराने एमडीएफच्या सुचवल्या होत्या, मी वॉटरप्रूफ प्लायच्या कापून घेतल्या. एमडीएफ असता तर माणगावात पोचेपर्यंत त्याचा शिरा झाला असता.

घाटात आणखी एक पाहुणा आला. कुईंऽऽ. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वर चढणारा, सोडला की उतरणारा. हा आल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, आवाज, अर्थिंग नीट नसलं की स्पीकरमध्ये शिरतो. माणगावात चहा सांगून मी सीट उचलली. अ‍ॅम्पची काळी वायर मी रंगवलेल्या पत्र्यावर नुसती बोल्टखाली दाबली होती. पॉलिश पेपरने रुपयाएवढा रंग खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट परत आवळला, आणि पाहुणा गेला. दहा मिनिटं, खर्च शून्य. चहा येईपर्यंत मी स्वतःला इंजिनिअर समजत होते.

हरिहरेश्वर मला या वेळी आवडलं नाही. सुट्टीची गर्दी, आणि किनाऱ्यावर एका मोठ्या गाडीची डिकी उघडून चार पोरांचा धडधडाट चाललेला. समुद्रावर येऊन समुद्राचा आवाज बुजवणाऱ्या माणसांबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही. आम्ही दारं लावून, हळू आवाजात, डग्गा नसलेलं काहीबाही ऐकत झोपलो. सकाळी गाडीने नुसतं टक्‌ केलं. अ‍ॅम्पची चालू-बंदची बारीक वायर चावीच्या लायनीवरून घ्यायची असते, मी आळसाने थेट बॅटरीला दिली होती. अ‍ॅम्प रात्रभर जागाच राहिला, आणि ईकोची बॅटरी ती केवढीशी! धक्का मारायला कोण आलं? तीच चार पोरं. "काकू, तुम्ही बसा आत, स्टेअरिंग धरा." काकू! पण गाडी सुरू झाली.

बागमांडल्याहून वेश्वीला फेरीने सावित्रीची खाडी ओलांडली आणि दुपारी केळशीला पोचलो.

केळशीत नारळी-पोफळीच्या वाडीतलं एक घर, जेवणाची आणि अंघोळीची सोय, गाडी खळ्याच्या कडेला लावून आम्ही झोपणार गाडीतच. काकूंना हे पटलं नाही. "घरात खोली असताना डब्यात कसले झोपता?" तात्या पंचाहत्तरीच्या आसपासचे, झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. जेवायला कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, भात, आणि चौथ्या वाटीनंतरही "घे गो थोडी" म्हणून वाढलेली सोलकढी. अंगणात येऊन मी उगाच गाडी उघडली आणि परत तीच बंदिश लावली. जिभेने दुखरा दात चाचपावा तशी.

झोपाळ्याची करकर थांबली. तात्या पायऱ्या उतरून आले, उघड्या दाराशी वाकले. मग ड्रायव्हरच्या दाराला कान लावला, मग पलीकडे जाऊन दुसऱ्या.

"एकेक वाजव."

मी मोबाइलवरून आवाज नुसता डावीकडे नेला. घे! डग्ग्याचा बोल, ठसठशीत. नुसता उजवीकडे नेला. घे! तोही ठसठशीत. दोन्ही एकदम लावले, आणि डग्गा गायब. दोन महिन्यांत एकेक स्पीकर वेगळा वाजवून बघायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"एक पुढे ढकलतोय, एक मागे ओढतोय," तात्या म्हणाले. "मधल्या हवेने जायचं कुठे? काय गो, उलटं जोडलंस की."

मी ठामपणे नाही म्हटलं. स्पीकरच्या दोन पट्ट्यांपैकी रुंद ती प्लस, अरुंद ती मायनस, हे मी तीन-तीनदा तपासून जोडलं होतं. नवरा म्हणाला, "अगं, झालं असेल चुकून." त्याच्याकडे मी फक्त बघितलं.

तात्यांनी वाद घातला नाही. पडवीत गेले, स्टूल ओढून भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि मागचा सेल काढून घेऊन आले. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. तेव्हा पहिल्यांदा मला पडवीच्या माळ्यावर ते दिसलं. पत्र्याचा एक कर्णा, शेजारी पोत्यात गुंडाळलेला दुसरा, आणि आहुजाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. लग्नं, शिमग्यातली नमनं, निवडणुकीतल्या रिक्षा, सगळ्यांना पंचक्रोशीत माईक तात्यांचाच होता. मग पोरांनी डीजे आणले आणि तात्यांनी सुपारीच्या बागेत लक्ष घातलं.

मला वाटलं होतं, आता ते नवऱ्याच्या हातात काहीतरी देतील. त्यांनी पान्हा-पेचकस माझ्यापुढे धरला आणि नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही बॅटरी दाखवा, हलवू नका." मी दाराची आतली पट्टी उतरवली. एक क्लिप तुटली. तात्या वाकून आत बघत नाक उडवत म्हणाले, "हे काय, डांबर? कौलं गळतात तेव्हा आम्ही आणतो हे." मी काही बोलले नाही.

स्पीकर बाहेर काढून मांडीवर उताणा ठेवला, वायरी सोडवल्या. दोन तुकडे वायरचे, एक सेलच्या टोकाला, एक बुडाला. प्लस रुंद पट्टीला, मायनस अरुंद पट्टीला, नुसतं टेकवून उचलायचं. कोन किंचित वर आला, ठक्‌. बरोबर. हा पांढुरका, जुना. मग पलीकडचं दार. काळाभोर कोन मांडीवर घेतला, प्लस रुंदला, मायनस अरुंदला, टेकवलं.

कोन आत गेला.

परत टेकवलं. परत आत. सुपारीच्या खापेएवढाही नाही, पण टॉर्चच्या तिरक्या उजेडात कडेची सावली सरकताना स्पष्ट दिसत होती. तात्यांनी चष्मा वर सरकवून मागचं डाग दिलेलं पाहिलं.

"तू बरोबर जोडलंयस," ते म्हणाले. "ज्याने कोन बदलला त्याने आतली कॉइलची टोकं उलटी मारलीत. हा जन्मालाच उलटा आलाय."

हे वाक्य मी नवऱ्याला लिहून देणार होते. तूर्त त्याला टॉर्च नीट धरायला सांगितलं.

उपाय काय, तर त्याच दाराच्या लाल-काळ्या वायरींची अदलाबदल. नऊशे रुपयांच्या जोडीतली जमेची बाजू ती हीच. पट्टी परत बसवली, तुटलेल्या क्लिपच्या जागी काकूंनी दिलेली काडेपेटीची काडी. बंदिश लावली. आणि पहिल्याच आवर्तनात, समेवर, तो आला. धा. दारातून नाही, डॅशबोर्डच्या मधून, जणू तबलजी गिअरपाशी मांडी घालून बसलाय आणि मनगट डग्ग्यावर घासत पुढे नेतोय. गायकाचा आवाजही सगळीकडून यायचा तो आता मधोमध येऊन उभा राहिला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आधीपेक्षा वेगळं वाजतंय खरं." अकरा वर्षांच्या संसारात मला मिळालेली ही फार मोठी दाद.

तात्यांनी दोन आवर्तनं ऐकली असतील. मग म्हणाले, "बंद कर आता. शेजारी भात कापून दमलेली माणसं निजलीत." आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. मी घाईघाईने बंद केलं. सुरूच्या बनापलीकडे समुद्राची गाज चालू होती, तिच्यात खालचा सूर भरपूर होता.

सकाळी पैसे देताना काकूंनी जेवणाचा हिशोब पाच रुपयांपर्यंत चोख केला, कोऱ्या चहासकट. दुरुस्तीचे काही देऊ का विचारल्यावर तात्या म्हणाले, "क्लिप घे नवी."

आंजर्ले, हर्णै, दापोली यांबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी तो सगळा रस्ता डोळे मिटून डग्गा ऐकत काढला, त्यामुळे मला विचारू नका.

दाभोळच्या जेट्टीवर धोपाव्याच्या फेरीची वाट बघत होतो. तिकिटाला सुटे पैसे हवे म्हणून कुर्त्याच्या खिशात हात घातला तर पैशांबरोबर एक सेल आला. लगेच काकूंना फोन लावला, सेल पोस्टाने पाठवू का विचारलं.

"तरीच!" काकू म्हणाल्या. "मघापासून बघतेय, आठ वीस काही सरत नाहीत."