जेट स्कीचा पंप आणि अडकलेलं पार्सल: माझा अनुभव

दादाच्या फर्मने कोकणातून एक वापरलेली जेट स्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर, घेतली. इंदूरहून सनावद-मूंदीच्या रस्त्याने ती नर्मदेवरच्या इंदिरासागर धरणाच्या पाण्यावर न्यायची आणि हंगामात चालवायची, असा बेत होता. पहिला हंगाम बरा गेला. पुढच्या हंगामात इंजिन पूर्ण जोरात ओरडायचं आणि गाडी मात्र पुढे सरकायला तयार नसायची. सगळे म्हणाले, इंजिन गेलं. इंजिन उत्तम होतं, गेला होता पंप.

जेट स्कीला बाहेर पंखा नसतो. खालून पाणी ओढायचं आणि मागच्या नोझलमधून जोरात फेकायचं, एवढ्यावर ती पळते. आतला इंपेलर (पाणी ढकलणारं फिरतं चक्र) आणि त्याच्याभोवतीची वेअर रिंग (झिजली की बदलायचं कडं) यांच्यातली फट अर्ध्या मिलीमीटरहून कमी लागते. ती वाढली, किंवा कुठून हवा शिरली, की इंपेलर नुसता फेस करतो. शिवाय आमच्यासारख्या बऱ्याच मॉडेल्समध्ये इंजिन थंड ठेवणारं पाणीही याच पंपाच्या दाबावर येतं. म्हणून वेग कमी झाला तरी ‘चालतंय तोवर चालू द्या’ असं करू नका. इंजिन तापून बसेल.

यात नर्मदेच्या गोड्या पाण्याचा दोष नाही. गाडी आमच्याकडे आली तीच समुद्राचं मीठ घेऊन. पंपाचं घर ॲल्युमिनियमचं, इंपेलर आणि बोल्ट स्टेनलेसचे. हे दोन धातू एकमेकांना लागून खाऱ्या पाण्यात राहिले की ॲल्युमिनियम खात जातं. ते वाचावं म्हणून जस्ताचा एक तुकडा, म्हणजे ॲनोड, लावलेला असतो. आधी तो झिजतो. आमच्या गाडीत तो पार संपून फक्त त्याचा बोल्ट उरला होता. आतल्या पात्यांवर पांढरी भुकटी धरली होती. स्क्रू ड्रायव्हरने ती खरवडली तेव्हा आतलं ॲल्युमिनियम वाळवीने पोखरलेल्या चौकटीसारखं भुसभुशीत निघालं.

बोल्ट सोडवताना घाई करू नका. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी हीट गनने आजूबाजूचं ॲल्युमिनियम गरम करा, मग पाना लावा. इंपेलर काढायला वेगळा टूल लागतो आणि काही कंपन्यांच्या इंपेलरला उलटे आटे असतात. मॅन्युअल पाहिल्याशिवाय जोर लावला तर शाफ्ट हातात येईल.

दुरुस्ती होईल का, हे विचारायला सांवेर रोडच्या एका लेथवाल्याकडे पंप नेला. त्याने बेअरिंग बसते त्या जागी बोट फिरवलं आणि म्हणाला, “दीदी, आर्गन वेल्डिंग तो कर दूँ, पर इस सीट की गॅरंटी नहीं दूँगा.” मला त्याचं बोलणं पटलं. वेअर रिंगच झिजली असेल तर तेवढी बदला, पैसे वाचतील. पण बेअरिंगची सीट खाल्लेली असेल तर अख्खा पंप घ्यावा, हे माझं ठाम मत आहे.

नवा पंप दुबईच्या विक्रेत्याकडून मागवला. फर्मच्या नावावर माल आणायचा तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक लागतो. तो ऑनलाइन मिळतो, शुल्क ५०० रुपये, आणि क्रमांक म्हणजे आपलाच पॅन. ते काम चटकन झालं. पार्सल मुंबईला उतरलं आणि तिथेच बसलं.

कुरिअर कंपनीच्या क्लिअरन्स विभागाने जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, आयईसी आणि अधिकारपत्र मागितलं. पाठवलं. दुसऱ्या दिवशी स्टेटस तेच: ‘ग्राहकाकडून कागदपत्रांची प्रतीक्षा’. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. फोन केला की दरवेळी नवा माणूस, आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं. मग एक फॉर्म आला. त्यात रकाना होता: मोटरची अश्वशक्ती आणि व्होल्टेज. मी कळवलं की या पंपाला मोटर नाही, गाडीचं इंजिन शाफ्टने तो फिरवतं. उत्तर आलं, “मॅडम, रकाना रिकामा ठेवता येत नाही.” शून्य लिहिलं तर फॉर्म परत आला. विक्रेत्याच्या बिलावर फक्त ‘पंप असेंब्ली’ लिहिलेलं, त्यामुळे मुंबईत कोणीतरी तो विहिरीवरचा पंप धरला होता, आणि तो समज बदलायचा अधिकार फोनवर बोलणाऱ्या कोणालाच नव्हता. इंदूरच्या शाखेत जाऊन बसले, तर तिथले म्हणाले की आम्ही फक्त डिलिव्हरी करतो. इकडे गोदामाचं भाडं चढत होतं. कस्टम्स कायद्यानुसार माल उतरल्यापासून ३० दिवसांत सुटला नाही तर तो विकता येतो, हे कळल्यावर माझी झोपच उडाली. हंगाम तोंडावर, गाडी शेडमध्ये उघडी पडलेली, आणि दादा रोज संध्याकाळी एकच विचारायचा, “सुटलं का गं?”

सुटलं ते रामबागेतल्या आमच्या एका ओळखीच्या काकांमुळे. त्यांनी आयुष्यभर सीएचएचं, म्हणजे कस्टम्समधून लोकांचा माल सोडवून देणाऱ्या एजंटचं काम केलंय. त्यांनी सगळे ईमेल वाचले आणि म्हणाले, “अगं, तू त्यांच्या रकान्यांना उत्तरं देत बसलीस. तू तुझा कागद दे.” जहाजं-बोटी कस्टम्सच्या दरसूचीत ८९ व्या प्रकरणात येतात, पण त्या प्रकरणात सुट्या भागांसाठी शीर्षकच नाही. भाग त्याच्या स्वतःच्या जातीप्रमाणे ८४ सारख्या दुसऱ्या प्रकरणात जातो. म्हणून ती वस्तू नेमकी काय आहे हे आपणच स्वच्छ लिहून द्यावं लागतं. फर्मच्या लेटरहेडवर एक पानी टेक्निकल राइट-अप केला: पार्ट नंबर, कोणत्या मॉडेलला बसतो, कशाचा बनलेला, कशाने फिरतो, विजेचा काही संबंध नाही. सोबत मॅन्युअलमधली सुट्या भागांची आकृती आणि विक्रेत्याकडून सुधारून घेतलेलं बिल. ईमेलच्या विषयात फक्त एअरवे बिल नंबर, म्हणजे पार्सलचा नंबर. त्यानंतर कुरिअर कंपनीकडून एकही प्रश्न आला नाही.

हे सगळं मागणी नोंदवतानाच करून ठेवा. बिलावर पूर्ण वर्णन लिहून घेतल्याशिवाय विक्रेत्याला पैसे पाठवू नका. आणि हिशेब तपासा: विमानाने आलेल्या मालाचं भाडं कितीही असो, जकात काढताना ते वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. आमच्या पहिल्या हिशेबात पूर्ण भाडं धरलं होतं. मी नियम दाखवून ते कमी करून घेतलं आणि त्याचा मला अभिमान आहे.

पंप बसवायला दादाला आणि मला एक दुपार पुरली. प्रत्येक बोल्टला मरीन ग्रीस, नवा ॲनोड, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. हो, फ्लशिंगचं राहिलंच. गाडी समुद्रावर नेत असाल तर दरवेळी गोड्या पाण्याने धुवा, पण क्रम सांभाळा: आधी इंजिन सुरू, लगेच नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. उलटं केलंत तर पाणी एग्झॉस्टमधून इंजिनात शिरतं.

गाडी आता पाण्यावर आहे आणि थ्रॉटल दिला की झेपावते. त्यांच्याच चुकीच्या समजामुळे चढलेल्या गोदामभाड्याचा परतावा मात्र कुरिअर कंपनीने दिलेला नाही. अर्ज त्यांच्याकडे पडून आहे आणि दर सोमवारी मी फोन करतेच.